उकिरड्याचे पांग फिटले

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. अमेरिकेतील एका उकिरड्याला मात्र ३१ वर्षे लागली! १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. २०१४ साली त्यांतल्या सुमारे १,३०० उकरून काढल्या. कित्येक चेपलेल्या, मळलेल्या. तरी हौशी संग्राहकांनी उड्या टाकल्या आणि विक्रीतून लाखावर डॉलर जमले. कारण प्रत्येक कॅसेटीसोबत नगरपालिकेचा दाखला होता. तो नसता तर ते भंगारच!

तेव्हा माळ्यावरची जुनी वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. ती कोणाची, कधीची, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून तिलाच बांधून ठेवा.