संकेतस्थळावरील गर्दी : भारवाटप आणि सत्रसातत्य

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकाल दाखविणारी संकेतस्थळे पाहता पाहता ठप्प झाली. विद्यार्थी सुमारे पावणेसोळा लाख. प्रत्येकाने एकदाच, आणि तासाभरात केव्हातरी, निकाल पाहिला असता, तर दर सेकंदास सरासरी ४३७ मागण्या आल्या असत्या. पण तासभर थांबतो कोण? तेवढेच लोक पहिल्या पाच मिनिटांत आले की हाच आकडा ५,२५० होतो. शिवाय पान उघडले नाही की प्रत्येक जण बटण पुन्हा पुन्हा दाबतो. भाऊ, मामा आणि शेजारी आपापल्या मोबाइलवरून दाबतात ते निराळेच. त्यानंतर चारच दिवसांनी, २० जुलैस, अकरावीच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या नोंदणीचे संकेतस्थळ खुले झाले. ते दुसऱ्याच दिवशी तांत्रिक कारणास्तव बंद ठेवावे लागले व २६ जुलैस पुन्हा सुरू झाले. (ती परीक्षा पुढे १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्दच केली, हा भाग वेगळा.)

या दोन गर्दींचा स्वभाव एकसारखा नाही. निकाल पाहणारा बैठक क्रमांक व आईचे नाव देतो, उत्तर घेतो आणि जातो. त्याला उत्तर देणाऱ्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, त्याला ओळखण्याची गरज नसते. अर्ज भरणाऱ्याचे तसे नाही. बालाघाट जिल्ह्यातील हट्टा गावची एखादी मुलगी घ्या. गोंदियाच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेश हवा म्हणून ती अर्ज भरीत आहे. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर गुण, तिसऱ्यावर दाखले, चौथ्यावर शुल्क. चौथ्या पानापर्यंत ती कोण आणि तिने काय भरले हे कोणीतरी लक्षात ठेवावयास हवे. या एकसंध संभाषणाला ‘सत्र’ म्हणतात. वेबची मूळ भाषा, एचटीटीपी, मात्र विसराळू आहे. तिच्या लेखी प्रत्येक मागणी नवी. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी ‘कुकी’ योजली ती याच विसराळूपणावर उपाय म्हणून.

जुन्या बँकांत धनादेश दिला की कारकून पितळी बिल्ला हाती ठेवीत असे. कुकी म्हणजे तो बिल्ला. बिल्ल्यावर नुसता क्रमांक असतो. खरे कागद कारकुनाजवळ असतात. आता एका कारकुनाच्या जागी तीन बसविले आणि दारात गर्दी वाटणारा शिपाई उभा केला. हा शिपाई म्हणजे भारवाटप करणारा संगणक. येणाऱ्यांना तो पाळीपाळीने एकेका खिडकीवर पाठवितो, किंवा ज्या खिडकीवर कमी माणसे असतील तिकडे पाठवितो. निकालाच्या गर्दीला एवढे पुरते. अर्जाच्या गर्दीत मात्र घोटाळा होतो : मुलीचे कागद पहिल्या कारकुनाच्या खणात, आणि पाळीप्रमाणे तिला पाठविले दुसऱ्याकडे. तो बिल्ला पाहून म्हणतो, “आपण कोण?” आणि पहिल्या पानावर धाडतो. हा खण काल्पनिक नव्हे. पीएचपी या बहुप्रचलित भाषेत, मुद्दाम बदल केला नाही तर, सत्राची माहिती त्याच सर्व्हरच्या डिस्कवरील फाइलीत राहते.

यावर सोपा उपाय म्हणजे माणसाला एकदा मिळालेली खिडकी कायम ठेवणे. यास ‘सत्रसातत्य’ म्हणू या. ते ठेवण्याची एक रीत म्हणजे येणाऱ्याच्या नेटवर्क-पत्त्यावरून खिडकी ठरविणे. ही फसवी आहे, आणि हट्ट्यासारख्या गावी तर विशेष फसवी. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर सोडतात. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात बसलेले सगळेही बाहेरून एकच दिसतात. म्हणजे गावचे गाव एकाच खिडकीवर. उलट दुकानाचे वायफाय सुटून फोन मोबाइल नेटवर्कवर गेला की पत्ता बदलतो आणि तीच मुलगी परकी ठरते. दुसरी रीत बरी : शिपायानेच स्वतःची एक कुकी द्यावी व तीवर खिडकीचा क्रमांक घालावा. मात्र ही कुकी त्याला वाचता यावी यासाठी सांकेतिक आवरण (एचटीटीपीएस) त्याच्यापाशीच उलगडावे लागते.

प्रयोगशाळेतील चार संगणकांवर हे सारे करून पाहता येते. तिघांवर वेब सर्व्हर बसवावा व प्रत्येकाच्या पानावर त्याचा स्वतःचा क्रमांक छापावा. चौथ्यावर एचएप्रॉक्सी हा मुक्त कार्यक्रम घालावा. त्याच्या मांडणीच्या फाइलीत, ‘बॅकएंड’ या मथळ्याखाली, तिन्ही सर्व्हरांचे पत्ते लिहावयाचे, वाटपाची रीत ‘राउंडरॉबिन’ अशी द्यावयाची आणि कुकी ‘इन्सर्ट’ करण्यास सांगावयाचे. प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत त्याची कुकीवरील खूण आणि ‘चेक’ हा शब्द हवाच. ‘चेक’ असले की दर दोन सेकंदांनी सर्व्हरची तपासणी होते. लागोपाठ तीनदा उत्तर आले नाही तर तो बाद, पुन्हा दोनदा आले तर आत. म्हणजे सर्व्हर पडल्यावर सुमारे सहा सेकंद तरी लोक बंद खिडकीवर जात राहणार. तपासणीही नुसती जोडणी पाहून करू नये, खरे पान मागून करावी. कारकून खुर्चीत आहे पण झोपला आहे, हा प्रकार संगणकातही घडतो.

आता कसोटी. प्रथम कुकीविना ‘कर्ल’ने तीनशे मागण्या पाठवाव्या, प्रत्येक सर्व्हरवर शंभर आल्या पाहिजेत. मग कुकी जपून ठेवण्यास सांगून पुन्हा तीनशे. सगळ्या एकाच क्रमांकावर गेल्या पाहिजेत. येथे विद्यार्थी हटकून फसतात ते असे : पत्त्यावर आधारलेली रीत लावतात, एकाच संगणकावरून ‘अपाची बेंच’चा मारा करतात आणि सारा भार एका सर्व्हरवर पडलेला पाहून भारवाटपच बिघडले म्हणतात. बिघडलेली असते ती कसोटी. मारा करणारा पत्ताच एक होता. ‘जेमीटर’मध्ये प्रत्येक काल्पनिक ग्राहकास स्वतंत्र कुकी देता येते, ते वापरावे. हे मारे आपल्याच प्रयोगशाळेत करावेत, परक्या संकेतस्थळावर नव्हेत, हे सांगावयास नको.

खरी कसोटी पुढची. अर्जाची तीन पाने भरावी, आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते पाहावे आणि त्याची नेटवर्क-तार उपटावी. काही सेकंदांत शिपाई आपणास दुसऱ्या खिडकीवर नेतो, तेथे पान उघडतेही. पण अर्ज कोरा! माणूस खिडकीला बांधल्याने त्याचे कागद सुरक्षित होत नाहीत. ते त्या एका खणाशी अधिकच बांधले जातात. पुष्कळशी पाठ्यपुस्तके सत्रसातत्यावर थांबतात, ते मला अपुरे वाटते. कागद खणात न ठेवता सर्व कारकुनांच्या मागे एक सामाईक कपाट असावे. रेडिससारखा स्मृतिसंग्राहक (तो २००९ सालचा) किंवा साधे डेटाबेसही हे काम करते. मग कोणतीही खिडकी चालते. मात्र कपाट एकच असले तर तेच मोडण्याचा धोका उरतो, म्हणून त्याचीही एक प्रत दुसरीकडे ठेवावी लागते.

खिडकीला बांधण्याचा आणखी एक तोटा गर्दीतच कळतो. तीन सर्व्हर अपुरे पडले म्हणून ऐन वेळी चौथा आणला, तरी जुनी माणसे जुन्याच खिडक्यांवर अडकून राहतात. नवा सर्व्हर बराच काळ जवळपास रिकामा बसतो. दुरुस्तीसाठी एखादा काढावयाचा असेल तर त्यास ‘ड्रेन’ अवस्थेत ठेवावे, म्हणजे नवे कोणी तेथे जात नाही आणि आलेल्यांचे काम पुरे होते. सर्व्हरांची संख्या ठरवितानाही एक बंद आहे असे धरूनच हिशेब करावा. प्रत्येकी दोनशे मागण्या पेलणारे तीन सर्व्हर म्हणजे सहाशे नव्हे, चारशेच.

शेवटची एक कसोटी सहसा कोणी करीत नाही, कारण तिला धीर लागतो. अर्ज तिसऱ्या पानावर सोडून पंचवीस मिनिटे स्वस्थ बसावे. पीएचपीची ठरीव मुदत १४४० सेकंदांची, म्हणजे चोवीस मिनिटांची आहे. ती उलटली की फाइल केव्हाही पुसली जाऊ शकते. हट्ट्याच्या त्या मुलीला जातीचा दाखला घरून आणून, त्याचा फोटो काढून परत दुकानात येण्यास याहून अधिक वेळ सहज लागेल. मुदत किती ठेवावी हे तिची चाल मोजून ठरवावे.