आधी केमो, मग पेशी

मुळशीत भातलावणीआधी खाचरात चिखलणी होते. तण गाडलं जातं, रोपांना जागा मिळते. पुन्हा उलटलेल्या बी-पेशी ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचारात हे काम केमोथेरपी करते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक त्यांत घालतात. त्या परत सोडण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात. जुन्या लिम्फोसाइट पेशी घटतात आणि वाढीचे रासायनिक संदेश नव्या पेशींच्या वाट्याला येतात. मात्र या नव्या पेशी रोगट पेशींसोबत सीडी१९ असलेल्या निरोगी बी-पेशीही मारतात. तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब घसरू शकतो. त्यामुळे सुरुवातीला डॉक्टरांची काटेकोर देखरेख लागतेच.