माळवदाखालचे फलटण

2025 च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर युनेस्कोची मोहोर उमटली आणि गावोगाव पेढे वाटले गेले. आनंद मलाही झाला. त्यांतला प्रतापगड आमच्या जिल्ह्यातला. पण किल्ल्यांना दाणागोटा पुरवणारी, त्यांचे हिशेब लिहिणारी, त्यांच्या दरवाज्यांना खिळे ठोकणारी माणसे राहत होती कुठे, हे त्या जल्लोषात कोणी विचारले नाही. ती पेठांत आणि आळ्यांत राहत होती. किल्ल्याचा चिरा निखळला की वर्तमानपत्रात फोटो येतो. पेठेतले जुने घर पडले की फक्त राडारोडा उचलायला डंपर येतो.

हे माझे जुने तुणतुणे. नेहमीच्या वाचकांना ते पाठ आहे. तरीही संपादकांनी यंदा सातारा-सांगलीकडच्या जुन्या वस्त्यांचा आढावा मागितला, तेव्हा ते पुन्हा वाजवायची मुभा मिळाली असे मी समजतो.

आधी बाकीची गावे उरकून घेऊ. पुणे तर बाजूलाच ठेवतो. 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे नेले. उरलेल्यांचा निकाल मालक, भाडेकरू आणि बिल्डर या तिघांनी संगनमताने लावला. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात शाळा भरत राहिली म्हणून त्याला इतकी वर्षे माणसांची ऊब मिळाली. भीमराव आंबेडकर 7 नोव्हेंबर 1900 रोजी याच शाळेत दाखल झाले. वाईला घाट आहेत, शेजारी मेणवलीत नाना फडणीसांचा वाडा आहे आणि कायम कुठल्या ना कुठल्या चित्रपटाचा ट्रायपॉड उभा आहे. मागच्या आळ्यांत काय पाडले जाते ते कॅमेऱ्याच्या चौकटीत येत नाही. सांगलीच्या गावभागाला 2005 ने आणि मग 2019 ने धुऊन काढले. पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती सावरणारा गवंडी मिळेना, आणि ज्यांना परवडले ते विश्रामबागेकडे सरकले.

मिरजेपाशी मात्र दोन घटका थांबतो. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत घर आणि कारखाना वेगळे नाहीत. खाली भोपळा कोरणे, तारा चढवणे, जवारी काढणे, आत स्वयंपाक, आढ्याला सुकत टांगलेले भोपळे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याला संरक्षण मिळाले, ते जिथे घडते त्या ओसरीला नाही. उद्या त्या जागी पार्किंगवर चार मजले उभे राहिले तर भोपळे टांगायचे कुठे, याचे उत्तर मानांकनाच्या कागदात नाही.

आता फलटण. निंबळकहून आलेले नाईक निंबाळकर, सईबाई, बजाजी, चक्रपाणींचे जन्मस्थान आणि महानुभावांची दक्षिण काशी, बाणगंगा. हे सगळे वाचकांना ठाऊक आहे, त्यात शाई घालवत नाही. मुधोजी मनमोहन राजवाडा शाबूत आहे. श्रीरामाचे मंदिर आहे, जबरेश्वराचे कोरीव काम आहे. या वास्तूंच्या मागे घराणे आहे, ट्रस्ट आहे, उत्सव आहे. मार्गशीर्षात रामरथ निघतो तेव्हा निम्मा तालुका लोटतो. त्यांची काळजी करणारे पुष्कळ आहेत. मला काळजी आहे ती रथ ज्या घरांपुढून जातो त्या घरांची.

हा पट्टा कमी पावसाचा. माण-खटावसारखेच इथले साधे घर कौलारू नव्हते, माळवदी होते. बाहेरून कोणाचे लक्ष जाऊ नये असे: काळ्या दगडाचे जोते, वर मातीची रुंद भिंत, बुटका दरवाजा. आत गेले की सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यांचे किलचन, त्यावर पाल्याचा थर, मग चिखलाचा गिलावा आणि सर्वांत वर हातभर पांढरी माती. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत. भिंतीतच धान्याचे बळद. वैशाखातल्या दुपारी आत पाऊल टाकले की अंगावरचा घाम निवे.

माळवदाची मेहनत मी जवळून पाहिली आहे. आमच्या पेठेत एक वृद्ध गवंडी होते. मृगाच्या आधी ते घरोघर वर चढत. आधी गवताची मुळे उपटायची, उंदराची बिळे खणून बुजवायची. मग पांढरीच्या टेकाडावरून आणलेली माती चाळून पसरायची, पाणी शिंपडून चोपण्याने ठोकायची, आणि उतार पन्हळीकडेच राहील असे बघायचे. उतार पाहायला त्यांच्याकडे पाणसळ नव्हती. ते तांब्याभर पाणी ओतून ते कुठे धावते ते उकिडवे बसून बघत, आणि जिथे रेंगाळेल तिथे मूठभर माती टाकत. पहिला वळीव होऊन गेला की पुन्हा वर चढून भेगा लिंपत. एवढ्या मजुरीत घराचे एक वर्ष निघत असे. त्यांच्या मुलांनी स्लॅबच्या सेंट्रिंगचे काम धरले. त्यांचे काय चुकले? कोयनेच्या 1967 च्या भूकंपापासून मातीच्या घरावरचा सगळ्या जिल्ह्याचाच विश्वास उडाला होता. भिंत मातीची म्हणून पडली की दुरुस्तीविना पडली, हा भेद करायला कोणी थांबले नाही.

पैसा फलटणला तेव्हाही येत होता. नीरा उजव्या कालव्याने ऊस आणला, 1930 च्या दशकात साखरवाडीचा कारखाना उभा राहिला, आणि हुंबड जैन व्यापाऱ्यांच्या घरांना दुमजली माड्या आणि कडीपाट मिळाले. पण ते जुन्या पेठेतच, जुन्या ओळीत बांधत गेले. अलीकडची लक्ष्मी वेगळी आहे. सुरवडीच्या बाजूला मोठा कारखाना आला, 2021 पासून पुण्याची रेल्वे धावू लागली, कोळकीच्या रानात प्लॉट पडले. नवी वस्ती व्हायलाच हवी. नोकरीला आलेल्या पोराने राहायचे कुठे? माझे भांडण कोळकीतल्या बंगल्याशी नाही. पेठेतले तीन वाडे एकत्र करून तिथे कोळकी उभारतात, त्याच्याशी आहे.

असे का होते ते मालमत्ता पत्रक काढले की कळते. आजोबांचे एक नाव, मग चार मुले, मग नातू, लग्न होऊन गेलेल्या नाती, एक वारस बंगळुरूला, एक अमेरिकेत. वाड्याचे चौदा तुकडे होत नाहीत, फ्लॅटचे होतात. बिल्डर प्रत्येक वारसाला किल्ली देतो, म्हणून त्याचे दार सगळे मिळून ठोठावतात. कुटुंबाचा वाटपाचा तंटा सोडवायला आपल्याकडे त्याच्याइतका तत्पर लवाद दुसरा नाही. हे सोडून केवळ ‘लोकांना वारशाची जाण नाही’ असे म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे.

तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. एका परिसंवादात एका नामवंत अभ्यासकांनी सुचवले, मुंबईचा कित्ता गिरवा. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली, इमारतींच्या तीन श्रेणी ठरवल्या, मालकाला न वापरलेले चटईक्षेत्र दुसरीकडे विकायची सोय दिली. 2020 च्या एकत्रित नियमावलीने वारशाचे प्रकरण राज्यभर नेले. सगळे खरे. पण शेजारच्या रानात बिनशेती प्लॉट मिळत असताना फलटणमध्ये ते चटईक्षेत्र विकत घेणार कोण? जिथे जागेची टंचाई आहे तिथले औषध जिथे ती नाही तिथे देऊन चालत नाही. शिवाय यादी करायला तज्ज्ञ बसले की देऊळ, राजवाडा, घाट, वेस एवढ्यावर त्यांचा कागद भरतो.

दुसरे एक विद्वान उलट्या बाजूने येतात. वाड्यांचा कळवळा म्हणजे सरंजामशाहीचा उमाळा, असे त्यांनी याच अंकात पूर्वी लिहिले आहे. त्यांचे निम्मे मला मान्य आहे. कोणी ओसरीवर बसायचे आणि कोणी अंगणाबाहेरच थांबायचे, हे त्या घराने ठरवलेले होते. अंधाऱ्या माजघरात चुलीच्या धुराने डोळे घालवलेल्या बायकांना फ्लॅटच्या ग्रॅनाइटच्या ओट्याचे कौतुक वाटले तर मी कोण हसणारा? पण पेठेतली सगळी घरे काही इनामदारांची नव्हती. तांबट, कासार, शिंपी, साळी यांची तीन-चार खणांची घरे हीच पेठ होती. आणि ज्यांना वाडा म्हणजे जमीनदारी वाटते, तेच हायवेवरच्या ‘वाडा’ नावाच्या हॉटेलात पितळी ताटात पिठले-भाकरी खाऊन फोटो टाकतात, याची मला मौज वाटते.

तिसरा पंथ दर्शनी भागवाल्यांचा. समोरची भिंत ठेवा, रंगवा, आत काहीही करा. पणजीच्या फोंतेन्यातील रहिवाशांना विचारा, रंगीत भिंतीपुढे दिवसभर फोटो काढणारे उभे राहिले की काय होते ते.

माझे म्हणणे पहिल्यापासून एकच आहे: भिंत नको, वापर सांभाळा. फलटणमध्ये तो वापर कोणता, हे आषाढवारीत उघड्या डोळ्यांनी दिसते. माउलींची पालखी तरडगावहून येते, मलठण, पाचबत्ती चौक, राममंदिर, गजानन चौक असे गाव ओलांडून विमानतळाच्या मैदानावर उतरते. तळावर तंबू असतात, पण पिढ्यान् पिढ्या दिंड्यांची गावात ठरलेली घरे असतात. दिंडीचा ट्रक त्याच बोळाच्या तोंडाशी थांबतो. वीणा देवघराशेजारच्या त्याच खुंटीला लागते. पुरुष ओसरीवर आणि माळवदावर, बायका माजघरात, परसात चूल, चौकात रात्रीचे भजन. शंभर माणूस एका घरात मावे, कारण ते घर तसे बांधलेले होते: अर्धे उघडे, अर्धे झाकलेले, ओल्या पायांनी आलेल्याला हुसकावणार नाही अशा शहाबादी फरशीचे.

त्याच जागी आता स्टिल्ट पार्किंग आहे, लोखंडी गेट आहे, सोसायटीची बैठक आहे. यजमान तोच, भक्ती तीच, जेवण घालायची इच्छाही तीच. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूममध्ये दिंडी कशी मावणार? मग कार्यालय भाड्याने घेऊन पंगत होते आणि मुक्काम तंबूत. पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. रस्ता रुंद झाला याचा आनंद आहे. पण वारी फक्त रस्त्यावरून जात नाही, ती घरांतून जाते, हे कोणत्या नकाशात दाखवायचे?

म्हणून मागतो ते थोडेच. पेठेत नवे बांधकाम जरूर व्हावे, पण तळमजल्यावर रस्त्याकडे उघडी ओसरी आणि आत चौक ठेवणाऱ्याला ते क्षेत्र हिशेबात धरू नये. प्रत्येक प्लॉटवर पार्किंगचा हट्ट सोडून पेठेची एक सामाईक जागा काढावी. जुने घर दुरुस्त करणाऱ्याला घरपट्टीत सूट द्यावी, नवे बांधणाऱ्याला नव्हे. हे मी एका तालुक्याच्या गावी सभेत मांडले, तेव्हा समोरच्या साहेबांनी घड्याळ पाहिले आणि विचारले, याला निकष काय? कोणती घरे, हे ठरवणार कोण?

ठरवायला तज्ज्ञ लागत नाहीत. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, मागे त्याहून कितीतरी. प्रत्येक दिंडीच्या कारभाऱ्याकडे मुक्कामाच्या घरांची टिपणे असतात, वहीत नाहीतर तोंडपाठ. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड: गाव, पेठ, यजमानाचे नाव, किती माणसे मावतात, पाणी कुठे. ही टिपणे एकत्र केली की यादी तयार. कोणत्या घरावर काट मारली आणि त्याऐवजी कोणते कार्यालय घेतले, तेही कारभारी सांगतील.