जयपूर ऑन द हापसा!

शेफील्डमधला माझा पहिला शुक्रवार. प्रोजेक्टसाठी पुण्याहून येऊन जेमतेम चार दिवस झालेले, जेटलॅग अजून डोळ्यांत, आणि क्लायंटची अख्खी टीम मला ‘वेलकम’ करायला ऑफिसजवळच्या एका पबमध्ये घेऊन गेलेली. मॅनेजरने माझ्यासाठी कुठलीशी पेल एल मागवली. सोनेरी पण गढूळ, वर फेस नावापुरता. पहिला घोट घेतला आणि... कोमट! वर आंबट. हॉटेलात त्या छोट्या लाल कांद्यांबरोबर व्हिनेगर येतं ना, थेट त्याची आठवण. मी हळूच विचारलं, जरा आंबट आहे का? बारवरचा माणूस हसून म्हणाला, “रिअल एल अशीच असते.” नवीन माणूस, समोर क्लायंट. काय बोलणार? ५६८ मिलिलिटर बिअर काढ्यासारखी गिळली.

(हो, इथला पाइंट ५६८ चा. आपण ‘दोन पाइंट आण रे’ म्हणतो ती ३३० ची बाटली. हे पहिल्याच शुक्रवारी कळलेलं बरं.)

त्यानंतर दोन महिने मी हापशाच्या वाटेला गेलो नाही. हापसा म्हणजे बारवरचे ते लांब दांडे. बारवाली दांडा ओढते आणि तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते, अगदी गावाकडे बोअरिंगवर पाणी काढावं तशी. त्यापेक्षा आपला फ्रिजमधला चिल्ड कॅन काय वाईट? तशात एकदा सुपरमार्केटमध्ये कॅनवर नाव दिसलं, ‘जयपूर’. लगेच चार उचलले. जयपूरला मी आयुष्यात एकदाच गेलोय, तेही शाळेच्या ट्रिपला. पण परदेशात गेल्यावर अख्खा भारत आपलाच असतो!

ही जयपूर बनवते थॉर्नब्रिज नावाची ब्रुअरी. शेफील्डच्या शेजारच्या डर्बीशरमध्ये, थॉर्नब्रिज हॉल या जुन्या वाड्याच्या आवारातल्या वर्कशॉपमध्ये २००५ साली ती सुरू झाली, आणि २००९ मध्ये तिने जवळच्या बेकवेल गावात नदीकाठी मोठी ब्रुअरी उभारली. जयपूर पहिल्या वर्षापासूनची. ५.९ टक्के अल्कोहोल, प्रकार इंडिया पेल एल. त्यातला ‘इंडिया’ आपलाच बरं का. १९व्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या साहेबलोकांसाठी इंग्लंडहून अशी फिकट, कडू बिअर जहाजाने यायची, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिने हेलकावे खात. या आजच्या जयपूरमधले हॉप्स मात्र चिनुक, सेंटेनियल, अहतानम असे अमेरिकन. म्हणजे नाव राजस्थानी, बार्ली इंग्लिश आणि सुगंध अमेरिकेचा. टिपिकल ऑनसाइट टीम!

एकदा लंचला मी मॅनेजरला तो पहिल्या शुक्रवारचा किस्सा सांगितला. वाटलं, हसेल. तो चक्क ओशाळला. म्हणाला, “अरे, ती बिअर खराब होती. तू परत करायला हवी होतीस. मीच करायला हवी होती.” मग चमच्याने टेबलावर चित्रं काढून त्याने मला पिंपाचं गणित समजावलं.

केगमधली बिअर ब्रुअरीतून पूर्ण तयार होऊन निघते. गॅसच्या दाबाखाली बंद असते, त्याच दाबाने नळाला येते, हवेशी संबंध नाही. पिंपातली, म्हणजे कास्कमधली बिअर निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि आंबणं पबच्या तळघरात पुरं होतं. पबवाल्याने पिंप आडवं लावायचं, वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा गॅस सोडायचा, मग कडक खुंटी लावून उरलेला राखायचा, गाळ खाली बसू द्यायचा, तळघर ११ ते १३ डिग्रीवर सांभाळायचं. इतकं केल्यावर पहिला ग्लास. आणि तिथून घड्याळ सुरू! जितकी बिअर बाहेर, तितकी हवा आत. तीनेक दिवसांत पिंप संपायला हवं, नाहीतर बिअर आधी मरगळते, मग आंबते. एका नेहमीच्या पिंपात ७२ पाइंट. म्हणजे रोज २४ गिऱ्हाइकं हवीत. त्या दिवशी माझ्या नशिबी आलेलं पिंप बहुधा आठवडाभर कुणाची तरी वाट बघत होतं.

म्हणजे कास्कची निम्मी ब्रुअरी पबच्या तळघरात असते. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं तेव्हापासून आपणही ताजी बिअर प्यायला शिकलो, पण आपल्या मायक्रोब्रुअरीत ती टँकमधून थेट थंडगार नळाला येते. मध्ये कुणाचा हात नाही. इथे दांडा ओढणाऱ्या बाईची अख्खी आठवड्याची मेहनत ग्लासात असते. किंवा आळस.

प्रोजेक्ट संपायला दोन आठवडे राहिले होते. मी ठरवलं, जायच्या आधी एकच जयपूर जमेल तितक्या तऱ्हांनी पिऊन बघायची. पार्टनर म्हणून रूममेट होताच. तो नाशिकचा, म्हणजे स्वतःला जन्मजात टेस्टिंग एक्स्पर्ट समजणारा.

पहिली फेरी फ्लॅटवर. कॅन फ्रिजमधून काढला, फोडला, तोंडाला लावला. गार, चुरचुरीत, शेवटी कडवट. बस. मग तोच कॅन ग्लासात ओतला आणि मी थक्क. संत्र्याची साल सोलताना बोटांना येतो तो वास, मागून पपनस, थोडा मध. कॅनच्या तोंडाने पिताना नाक बाहेरच राहतं हो! चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं निम्म्याहून जास्त काम नाकाचं. ज्यांना हा लेख अर्धाच वाचायचाय त्यांनी एवढं घेऊन जावं: कॅन ग्लासात ओता.

बाटली त्यामानाने फिकी निघाली. वास दबलेला, गोडसरपणा पुढे, ग्लुकोज बिस्किटाचा. मी लगेच ‘बाटलीपेक्षा कॅन भारी’ असा निकाल देऊन मोकळा झालो. रूममेट म्हणाला, “बाटली कुठे ठेवली होतीस?” हीटरजवळच्या शेल्फवर, महिनाभर. हॉप्सचा सुगंध उष्णतेने आणि वयाने उडतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. निकाल मागे. दुसरी, ताजी बाटली आणून गार करून त्याने मला डोळे बांधून दोन ग्लास दिले. कुठला कॅन, कुठली बाटली? ठामपणे सांगितलं आणि चुकलो. परत विचारलं, परत चुकलो. बाटली तपकिरी असली तरी थोडा उजेड आत येतोच, कॅनमध्ये अजिबात नाही. फरक असलाच तर साठवणुकीचा. माझ्या जिभेला तो कळला नाही, हे कबूल.

दुसरी फेरी शेफील्ड टॅपमध्ये. हा पब रेल्वे स्टेशनातच, प्लॅटफॉर्म वन-बीवर. शंभरेक वर्षांपूर्वीची स्टेशनची उपाहारगृहाची खोली अनेक वर्षं पडीक होती, ती दुरुस्त करून २००९ मध्ये पब उघडला. उंच छत, भिंतीला टाइल्स, लांबलचक बार. आपल्या स्टेशनवरच्या कँटीनला कुणी असे दिवस दाखवील का, असं वाटून गेलं. त्या दिवशी तिथे जयपूर दोन्हीकडे होती, केगच्या नळावर आणि हापशावर. दोन्हीचे अर्धे पाइंट मागवून शेजारी ठेवले.

केग आधी. अपेक्षेप्रमाणे कॅनचाच मोठा भाऊ. गार, स्वच्छ, बुडबुडे जिभेला टोचणारे, कडूपणा शेवटी चाकूसारखा. छान. आणि मग हापशाची. मनात अजून पहिला शुक्रवार, त्यामुळे घोट लहानच घेतला.

आंबट? छे. गढूळ? पलीकडचं घड्याळ दिसत होतं. गॅस केगच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून टोचणं नाही. त्या जागी एक गुळगुळीतपणा. थंडीने जीभ बधिर न झाल्यामुळे जे केगमध्ये ‘फळांसारखं काहीतरी’ होतं, त्याची इथे नावं सांगता येत होती. पपनस, संत्र्याची साल, आणि मधोमध मध. कडूपणा तितकाच, पण मेथीच्या भाजीसारखा, हळूहळू येणारा आणि रेंगाळणारा. दोन महिने मी काय सोडून देत होतो ते त्या अर्ध्या ग्लासात कळलं. एका आंबलेल्या पिंपावरून अख्ख्या प्रकारावर फुली!

रूममेटला केगच आवडली. “चखण्याबरोबर गारच पाहिजे,” त्याचं स्पष्ट मत. तिखट शेंगदाण्यांबरोबर त्याचं बरोबर होतं, हेही सांगून टाकतो. तिखटावर कोमट बिअर म्हणजे आगीत तेल.

मग सुरू झाला गोटीचा वाद. उत्तर इंग्लंडमध्ये हापशाच्या तोंडाला बारीक भोकांची एक छोटी टोपी लावतात, स्पार्कलर म्हणतात तिला. बिअर त्यातून घुसळून येते आणि वर सायीसारखा दाट फेस धरते. दक्षिणेकडच्यांना हा प्रकार म्हणजे पाप वाटतं. आम्ही बारवालीला टोपी काढून अजून एक अर्धा द्यायची विनंती केली. “व्हाय नॉट, लव्ह?” म्हणून तिने दिला. (इथे सगळेच लव्ह असतात, मनावर घेऊ नका.) टोपी असलेली मऊ, कॉफीसारखी. टोपीशिवायची जास्त सुगंधी, पण फेस दोन मिनिटांत बसला. मी टोपीवाल्यांच्या पार्टीत. फिल्टर कॉफीचा फेस बघून मोठा झालेला माणूस दुसरं काय निवडणार?

एक सूचना शाकाहारी मंडळींसाठी. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून पारंपरिक पद्धतीत इझिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. तो गाळाबरोबर तळाशी बसतो. काही ब्रुअरीज हल्ली तो वापरत नाहीत. संकष्टी मोडायची नसेल तर बारवर विचारा. रूममेटने हे ऐकून हापशाच्या ग्लासाकडे बघायचंही सोडलं, आणि माझा फायदा झाला.

शेवटच्या रविवारी एकटाच बेकवेलला गेलो. गावात रेल्वे नाही, डोंगरातून वळणं घेत बस जाते. गाव प्रसिद्ध आहे बदामाच्या पुडिंगसाठी. मी आधी ते खाल्लं आणि जिभेची वाट लावून घेतली. तरीही ब्रुअरीच्या टॅपरूमला ‘युनियन’ जयपूर मिळाली म्हणून दिवस सार्थकी लागला.

युनियन म्हणजे बर्टन युनियन. ओक लाकडाची पिंपं ओळीने जोडलेली, प्रत्येकाला वर हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी. आंबताना जादा यीस्ट त्या नळीतून वरच्या पन्हाळीत जातं, बिअर पुन्हा खाली उतरते. १८३८ सालचं पेटंट. १९व्या शतकात बर्टनची पेल एल जगभर गेली त्यात या पद्धतीचा मोठा वाटा. इतकी खर्चिक की शेवटी बर्टनमध्ये मार्स्टन्सच्या ब्रुअरीतच ती उरली होती, आणि २०२४ च्या सुरुवातीला तिथेही बंद करायचा निर्णय झाला. लाकूड भंगारात जायचं. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे ब्रूमास्टर गॅरेट ऑलिव्हर यांनी रदबदली केली आणि एक सेट थॉर्नब्रिजला मिळाला. मुंबईला बिअर पाठवणाऱ्या काळातलं तंत्र आणि ‘जयपूर’ नावाची बिअर, असे दोघे एका छपराखाली आले. ही जयपूर जास्त गोलाई असलेली, फळांकडे झुकणारी. फरक खरा, की ती पिंपं डोळ्यांसमोर आणून मी तो भरत होतो? बदामाचं पुडिंग खाऊन आलेल्या माणसाने यावर जास्त बोलू नये.

सोमवारी संध्याकाळी विमान होतं, मँचेस्टरहून. गाडीला चाळीस मिनिटं होती म्हणून बॅगा ओढत शेफील्ड टॅपमध्ये शिरलो. हापशावरची जयपूरची पाटी उलटी फिरवलेली होती. म्हणजे पिंप संपलं. “अर्धा तास आधी आला असतास तर, लव्ह,” ती म्हणाली. “नवीन लावलंय, पण बसायला उद्यापर्यंत वेळ लागेल.” मी म्हटलं, मग लगेच नका देऊ. ती हसली. केगचा अर्धा पाइंट घेतला, गारेगार, आणि प्लॅटफॉर्मकडे निघालो.