एक बुरशी, दोन रूपे

हट्ट्याच्या शिवारात पाऊस झाला की उकिरड्यावर, कुजत्या पालापाचोळ्यावर कापसासारखी बुरशी दिसू लागते. मातीत राहणाऱ्या अशाच बुरशांची एक प्रजाती म्हणजे कनिंगहॅमेला.

आपण घेतलेले औषध शरीराबाहेर कसे पडते? यकृतातील सायटोक्रोम पी-४५० ही एंझाइमे त्याच्या रेणूला ऑक्सिजन जोडतात. त्यामुळे तो पाण्यात अधिक विरघळतो व लघवीवाटे जाऊ शकतो. कनिंगहॅमेला एलेगन्स या जातीतही तशीच एंझाइमे आहेत. डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलीनवरही ती अशीच क्रिया करते! म्हणून १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ चंबूत ही बुरशी वाढवून त्यात औषध घालतात आणि त्याचे पुढे काय बनते ते तपासतात.

हिचीच बहीण बर्थोलेशिए मात्र घातक ठरू शकते. ४० अंश सेल्सिअसच्या वरही ती वाढते. मग आपले ३७ अंशांचे शरीर तिला कसे अडवणार? अडवतात त्या पांढऱ्या पेशी. अनियंत्रित मधुमेहाने किंवा स्टिरॉइडने त्या दुबळ्या झाल्या, की म्युकरमायकोसिस होऊ शकतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोविडनंतर हा रोग फैलावला, तो मुख्यतः ऱ्हायझोपस या नात्यातल्या बुरशीमुळे. त्यातला काळेपणा बुरशीचा नव्हे. रक्त न पोचल्याने मेलेल्या ऊतींचा असतो.

तेव्हा घरात कुणाला मधुमेह असेल आणि नाकात काळी खपली किंवा डोळ्याभोवती सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. येथे वेळ हेच पहिले औषध आहे.