सातांच्या जागेत आठवे काडतूस

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वाचकाने विचारले आहे, की घरच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या १९११ पिस्तुलाला जादा मॅगझिन्स सात काडतुसांची घ्यावीत की आठ? माझे मत सातच्या बाजूने आहे. जॉन ब्राउनिंग यांचे हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारले, ते सात काडतुसांच्या मॅगझिनसह. मॅगझिनच्या नळीची लांबी पिस्तुलाच्या मुठीने ठरवून टाकलेली. तेवढ्याच नळीत आठवे काडतूस कोंबायचे तर जागा स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसांना खालून आधार देणारा, स्प्रिंगवरचा तुकडा) यांच्याकडूनच काढून घ्यावी लागते. स्प्रिंगला वाव उरत नाही आणि फॉलोअर आखूड होतो. आखूड फॉलोअर नळीत डुलतो, मग काडतुसाचे टोक खाली झुकू शकते. शेवटच्या काडतुसापाशी स्प्रिंग मुळातच सर्वांत सैल असते. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाऊन परत येते ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात. तेवढ्यात काडतूस जागेवर आले नाही, तर चेंबर रिकामे राहते किंवा काडतूस वाकडे अडकते. जुन्या लष्करी फॉलोअरवर एक बारीक उंचवटा असे. धक्क्याने शेवटचे काडतूस पुढे घसरू नये, एवढ्याचसाठी तो होता. जागा वाचवणाऱ्या काही फॉलोअरांवर तो नसतो.

आठ काडतुसांची उत्तम मॅगझिन्सही बाजारात आहेत, असे कोणी म्हणेल. आहेत, पण त्यांतली अनेक मुठीखाली थोडी लांबवलेली असतात, म्हणजे आठव्याची जागा त्यांनी वेगळी केलेली असते. अशांवर माझा आक्षेप नाही. सातवालीही अडकतातच, हेही खरे, कारण क्षमता हा एकमेव निकष नाही. इराकच्या वाळूत अमेरिकी सैन्याच्या बेरेटा एम ९ पिस्तुलांनी त्रास दिला, तेव्हा दोष बराचसा कंत्राटी मॅगझिन्सचा निघाला. त्यांच्यावरचा खरखरीत फॉस्फेटचा थर बारीक धूळ धरून ठेवी आणि काडतुसे वर सरकत नसत. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिन्स आली.

म्हणून पिस्तुलाची परीक्षा झाली, एवढ्यावर मॅगझिनला पास करू नका. पिस्तुलाच्या कंपनीचे किंवा नावाजलेल्या मॅगझिन-उत्पादकाचेच घ्या, प्रत्येकावर क्रमांक टाका आणि जी काडतुसे घरात ठेवणार, तीच प्रत्येकातून झाडून पाहा. पूर्ण भरल्यावर वरचे काडतूस अंगठ्याने किंचित दबले पाहिजे आणि स्लाइड बंद असताना मॅगझिन खट्‌कन बसले पाहिजे. काडतूस आणि पिस्तूल ठीक असूनही जे दुसऱ्यांदा अडकले, ते संरक्षणासाठी बाद समजा.