गृहवस्त्रे व ऋतुमान

गृहवस्त्रे : घरातील दारे-खिडक्या, बैठक, शय्या व जमीन यांच्यासाठी वापरली जाणारी वस्त्रे. पडदे, पलंगपोस, चादरी, अभ्रे, गाद्या-उशा, लोड-तक्के, सतरंज्या व गालिचे यांचा त्यांत समावेश होतो. भिंती, छप्पर व लाकडी सामान ही घराची स्थिर अंगे होत. गृहवस्त्रे मात्र सहज काढता, धुता व बदलता येतात. त्यामुळे ऋतू पालटला असता थोड्या खर्चात घराचे रूप आणि त्यातील सुखावहता यांत बदल घडवून आणण्याचे ते सर्वांत सुलभ साधन ठरते.

ऋतुमानानुसार गृहवस्त्रे बदलण्याची प्रथा भारतात जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने लिहिलेल्या आईन-इ-अकबरीमध्ये वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात निवासस्थान थंड ठेवण्याच्या पद्धतीचे वर्णन आढळते. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांपैकी फरासखान्याकडे तंबू, बिछायती, जाजमे इत्यादींची व्यवस्था असे.

वस्त्राची निवड मुख्यत्वे त्याच्या तंतूच्या दोन गुणधर्मांवर अवलंबून असते : ओलावा शोषण्याची क्षमता व हवा धरून ठेवण्याची क्षमता. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सु. ८ टक्के, तर लोकर सु. १४ ते १६ टक्के ओलावा शोषून घेते. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. घाम शोषणारी सुती चादर उन्हाळ्यात सुखद वाटते आणि पॉलिएस्टरचा पडदा पावसाळ्यात लवकर वाळतो, याचे कारण हेच होय.

उन्हाळा : या ऋतूत जाड गालिचे व मखमली अभ्रे काढून पातळ सुती चादरी, चटया व फिकट रंगाचे पडदे वापरणे सोयीचे असते. सूर्यप्रकाश काचेतून एकदा आत आला, की त्याची बरीचशी उष्णता खोलीतच राहते. म्हणून आतील पडद्यापेक्षा खिडकीबाहेर लावलेला बांबूचा चीक अधिक उपयोगी पडतो. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडल्यास त्यातून येणारी हवा थंड व सुगंधी होते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सु. २,४०० किलोजूल उष्णता शोषली जाते, हे त्यामागील तत्त्व. विदर्भ व मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय परिणामकारक ठरतो. कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन मंद होत असल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पावसाळा : गृहवस्त्रांची खरी कसोटी या ऋतूत लागते. दीर्घकाळ दमट राहिलेल्या सुती वस्त्रावर बुरशी वाढते. त्यामुळे डाग व कुबट वास येतो आणि तंतूही कमकुवत होतात. बुरशीचे बीजाणू व घरातील धुळीत राहणारे माइट हे सूक्ष्म जीव यांमुळे दमा व अधिहर्षता (ॲलर्जी) असलेल्यांचा त्रास वाढतो. म्हणून पावसापूर्वीच गालिचे झटकून, उन्हात वाळवून गुंडाळून ठेवणे, जमिनीपर्यंत लोळणारे पडदे आखूड करणे व गाद्या भिंतीपासून दूर ठेवणे इष्ट असते. अभ्रे व चादरी सु. ६० सें. तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात.

हिवाळा : या ऋतूत हवा धरून ठेवणारी वस्त्रे लागतात. ऊब मुख्यतः वस्त्राच्या थरांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे टिकते. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेली गोधडी वा वाकळ याच तत्त्वावर उबदार ठरते. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीपासून धनगर समाजात विणले जाणारे घोंगडे आणि भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर ही महाराष्ट्रातील अन्य प्रसिद्ध पांघरुणे होत. कापूस दबून गाद्या कठीण झाल्या, की पिंजाऱ्याकडून तो पिंजून घेण्याची रीत आहे. पिंजल्यामुळे तंतू सुटे होऊन त्यांत पुन्हा हवा खेळते. दाट विणीचा व जमिनीपर्यंत पोहोचणारा पडदा खिडकीतून येणारी थंडी कमी करतो.

रंगसंगती : ऋतुबदलासाठी सर्वच वस्त्रे नव्याने घेण्याची गरज नसते. पडदे व सतरंजी यांसारखी मोठी वस्त्रे सौम्य, एकरंगी ठेवून अभ्रे, टेबलपोस व पलंगपोस बदलले, तरी खोलीचे स्वरूप पालटते. फिकट रंग प्रकाश परावर्तित करीत असल्याने लहान वा अंधाऱ्या खोलीस उपयुक्त ठरतात. गडद तांबडा, केशरी यांसारखे रंग उबेचा आभास निर्माण करतात. अशी वस्त्रे आलटूनपालटून वापरल्यास ती अधिक टिकतात.

साठवण व सुरक्षितता : वस्त्रे ठेवण्यापूर्वी धुऊन, खळ पूर्णपणे काढून व कडक वाळवून घ्यावी लागतात, कारण कसर पिष्टमय खळीवर जगते, तर पतंगाच्या अळ्या लोकर खातात व घामट, मळक्या भागाकडे अधिक आकृष्ट होतात. कडुनिंबाचा पाला घालण्याची प्रथा असली, तरी तो स्वच्छतेला पर्याय ठरत नाही. डांबराच्या (नॅप्थॅलिनच्या) गोळ्यांसह ठेवलेली दुपटी न धुता तान्ह्या मुलांसाठी वापरणे धोक्याचे असते. जी६पीडी या एंझाइमाची न्यूनता असलेल्या बालकांत त्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर पांडुरोग व कावीळ होऊ शकते. एक वर्षाखालील मुलास सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. त्याच्याजवळ उशा, लोड वा सैल पांघरुणे ठेवू नयेत, कारण त्यांमुळे गुदमरण्याचा संभव असतो. दिवाळीत पणत्या पडद्यांपासून दूर ठेवणे आवश्यक असते. सुती कापड चटकन पेट घेते, तर पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटते व खोल भाजते.